बिलात न दिसणारे काम

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये सकाळी नऊच्या सुमारास गॅरेजांची शटर वर जाऊ लागतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९६२ साली उभारलेली ही पहिली औद्योगिक वसाहत. इथले अनेक जुने कारखाने बंद झाले, काहींच्या जागी काचेच्या इमारती आल्या; उरलेल्या शेडमध्ये आणि गल्ल्यांच्या तोंडाशी मोटारदुरुस्तीचा धंदा चांगला रुजला आहे. अशी दुरुस्ती करणाऱ्याला मजुरीवर बक्षिसी द्यावी का, हा आमचा प्रश्न आहे. पावसाळ्यात इथे येणाऱ्या गाड्यांची तक्रार बहुधा एकच असते. माजिवड्यापासून गायमुखपर्यंत घोडबंदर रस्त्यावरचे खड्डे, मेट्रोच्या कामामुळे आक्रसलेल्या मार्गिका आणि अवजड कंटेनरमागून रांगणारी वाहतूक पार करून आलेला ग्राहक सांगतो, की चाक खड्ड्यात गेले की पुढून खडखड आवाज येतो.

तो आवाज नेमका कुठून येतो, हे शोधणे हेच या दुरुस्तीतले मोठे काम आहे. अशाच एका गाडीत इथले एक मेकॅनिक प्रथम ग्राहकाच्या शेजारी बसून गतिरोधकावरून एक फेरी मारतात आणि काचा खाली करून ऐकतात. मग गाडी लिफ्टवर चढते. अधांतरी लटकलेले चाक ते वर-खाली धरून हलवतात, तेव्हा बॉल जॉइंट (चाकाजवळचा गोल सांधा) किंवा बेअरिंगमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, हाताला कळतो. तेच चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवले, की स्टीअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडची ढिलाई उघडी पडते. त्यानंतर लोखंडी पहारीने लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, किंचित उचलून त्याच्या सांध्यातल्या बुशच्या रबराला चीर गेली आहे का, ते बॅटरीच्या उजेडात तपासले जाते. पुष्कळदा एवढा आवाज करणारा दोषी हा लिंक रॉड नावाचा लहानसा जोडदांडा निघतो, आणि संपूर्ण सस्पेन्शन गेले असे समजून घाबरलेल्या ग्राहकाची तेवढ्यावरच सुटका होते.

या गाडीचे मात्र बुश फाटलेले आहेत. लोअर आर्म खाली उतरवला जातो, हायड्रॉलिक प्रेसखाली जुना बुश बाहेर ढकलला जातो आणि नवा बुश जुन्याच्या खुणा पाहून त्याच दिशेने बसवला जातो. इथे एक गोष्ट लक्षपूर्वक पाहावी. आर्म पुन्हा जागेवर आला तरी मेकॅनिक त्याचे बोल्ट पूर्ण आवळत नाहीत. गाडी खाली येते, वजन चाकांवर पडते, बॉनेटजवळ दोन-तीन वेळा दाबून ती हलवली जाते आणि मगच ठरावीक जोराने आवळणाऱ्या टॉर्क पान्याने शेवटची आवळणी होते. या बुशमधले रबर आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या नळ्यांना घट्ट चिकटवलेले असते; चाक लटकत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि वेळेआधीच फाटते. आधीच आवळून टाकले असते, तर पाच-दहा मिनिटे वाचली असती आणि त्या दिवशी कोणालाही फरक कळला नसता.

आता बिलाकडे वळू. त्यात बुशची किंमत आहे, मजुरी आहे, व्हील अलाइनमेंट आहे आणि गॅरेज नोंदणीकृत असल्यामुळे मजुरीवर १८ टक्के जीएसटी आहे. आर्म चांगला होता म्हणून बदलला नाही, याची ओळ त्यात नाही, आणि ती असूही शकत नाही. काही गाड्यांमध्ये बुश सुटा मिळत नाही, तेव्हा अख्खा आर्म बदलणे भागच असते. पण तो सुटा मिळत असतानाही अख्खा आर्म बदलणारी गॅरेजेस कमी नाहीत, कारण त्यात काम झटपट होते आणि सुट्या भागाच्या किमतीवर गॅरेजला मिळणारी सूटही मोठी असते. ग्राहकाचे पैसे वाचवणारा मेकॅनिक स्वतःची कमाई कमी करतो, हा या धंद्याचा उफराटा हिशेब आहे. आमच्या मते बक्षिसीचा प्रश्न इथूनच सुरू व्हायला हवा.

हॉटेलच्या बाबतीत याची चर्चा पुष्कळ झाली. बिलात सेवाशुल्क परस्पर लावता येणार नाही, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढली. ॲपवरच्या टॅक्सीसाठी २०२५ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी बक्षिसी प्रवास संपल्यावरच देता यावी आणि ती पूर्ण चालकाला मिळावी, असे सांगितले. गॅरेजसाठी असा नियम नाही आणि ठरलेला रिवाजही नाही. हवा भरणाऱ्या पोराला दहा रुपये मिळतात, गाडी धुणाऱ्याला वीस. गाडीखाली झोपून तासभर काम करणाऱ्याला मात्र मजुरी घेतो म्हणून काही द्यायचे नसते. उलट त्याच्या मजुरीतूनच शंभर-दोनशे रुपये कमी करून घेतले जातात, आणि ते करणारे गृहस्थ संध्याकाळी हॉटेलात वेटरसाठी त्याहून अधिक रक्कम ठेवून उठतात.

मजुरी ठरलेली असताना वर पैसे कशाला, हा आक्षेप निराधार नाही. जिथे मालक स्वतःच पाना हाती घेतो, तिथे आपल्या कामाचे मोल तो स्वतः ठरवतो. त्याला बक्षिसी देण्यापेक्षा त्याची मजुरी घासाघीस न करता चुकती करावी आणि दसऱ्याला त्याच्या अवजारांवर झेंडू वाहिलेले असताना पेढ्याचा पुडा न्यावा, हे पुरेसे आहे. हाताखालच्या माणसाचे तसे नाही. त्याचा पगार महिन्याचा असतो आणि मजुरीची रक्कम त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. काही कंपन्यांच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तर तो काचेपलीकडेच राहतो: ग्राहकाशी बोलतो तो सल्लागार, समाधानाचे गुण विचारणारा फोन येतो तो कार्यालयातून, आणि कोणी खूश होऊन नोट पुढे केलीच, तर ती काउंटरवरच थांबते.

दहापेक्षा कमी माणसे असलेली गॅरेजेस सर्वसाधारणपणे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेबाहेर राहतात, त्यामुळे गरम सायलेन्सरने भाजलेल्या किंवा प्रेसखाली सापडलेल्या हाताचा खर्च बहुधा त्या माणसाच्याच खिशातून जातो.

बक्षिसी द्यायची असल्यास ती काम संपल्यावर, गाडी चालवून पाहिल्यावर द्यावी. आधी दिलेली नोट रांग तोडण्यासाठी दिल्यासारखी होते आणि रांगेतल्या दुसऱ्या गाडीवर अन्याय करते. भिंतीवरचा क्यूआर कोड मालकाच्या खात्याचा असतो, म्हणून ही रक्कम रोखीने आणि ज्याने काम केले त्याच्याच हाती द्यावी, मालकाच्या देखत दिली तर अधिक बरे. ज्या सर्व्हिस सेंटरमध्ये कर्मचाऱ्यांनी पैसे घेण्यास मनाई आहे, तिथे जॉब कार्डावर, म्हणजे कामाच्या नोंदपत्रावर, तंत्रज्ञाचे नाव लिहून मागावे, अभिप्रायात त्याच नावाने त्याचे काम नोंदवावे आणि पुढच्या वेळी गाडी त्याच्याकडेच देण्याचा आग्रह धरावा.