वस्तू आणि सेवा

[दृश्य : अप्पा बळवंत चौक, जून महिन्यातली गर्दी]

पुण्याचा अप्पा बळवंत चौक. शाळा-कॉलेजं सुरू व्हायच्या दिवसांत इथे पाय ठेवायला जागा नसते. पोरं गेल्या वर्षीची पुस्तकं घेऊन येतात. दुकानदार पानं चाळतो, बांधणी बघतो, भाव सांगतो. घासाघीस होते आणि सौदा पटतो.

मोबाइलमधल्या ई-पुस्तकाचा असा सौदा होत नाही. त्याचं कारण करखात्याच्या भाषेत सापडतं. छापील पुस्तक ही वस्तू, तिच्यावर जीएसटी शून्य. ई-पुस्तक मात्र सेवा! २०१७ साली तिच्यावर १८ टक्के कर बसला. पुढच्या वर्षी तो ५ टक्क्यांवर आला, पण त्याच पुस्तकाची छापील आवृत्ती असेल तरच. कागद वाचवणाऱ्यालाच जास्त कर. असो.

[दृश्य : छापखाना, मग बांधणी]

कागद नाही, शाई नाही, टेम्पोभाडं नाही. मग ई-पुस्तक मातीमोल का मिळत नाही? कारण लेखकाचं मानधन, संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ हा खर्च दोन्हीकडे सारखाच. वाचतो तो कागद, छपाई आणि गोदामात पडून राहणाऱ्या प्रतींचा.

शिवाय किंमत ठरवायची कुणी, हाही वाद आहेच. अमेरिकेत ॲमेझॉनने किंडलवर गाजणारी नवी पुस्तकं ९.९९ डॉलरला लावली आणि प्रकाशक धास्तावले. २०१० साली त्यांनी ॲपलशी करार करून किमती स्वतःच्या हातात घेतल्या. संगनमताने किमती वाढवल्या, असं म्हणत सरकार कोर्टात गेलं. २०१३ साली निकाल ॲपलच्या विरोधात लागला.

[दृश्य : पडद्यावर मोठी होत जाणारी मराठी अक्षरं]

ई-पुस्तकाची बाजू लंगडी नाही. चष्म्याचा नंबर वाढला, की अक्षर मोठं करता येतं. न्यू जर्सीतल्या मराठी वाचकाला टपालखर्चाचा भुर्दंड पडत नाही. प्रवासाला निघताना बॅग जड होत नाही.

पण ते पुढे विकता येत नाही. नेदरलँड्समधल्या एका संकेतस्थळाने वापरलेली ई-पुस्तकं विकायला काढली होती. हक्कधारकाच्या परवानगीशिवाय ते चालणार नाही, असं युरोपीय न्यायालयाने २०१९ साली सांगितलं.

समजा, तीनशेचं छापील पुस्तक वाचून दीडशेला विकलं, तर वाचन दीडशेत पडलं. तेच ई-पुस्तक दोनशेला घेतलं, तर दोनशेतच पडतं.