चार इंचांचं उड्डाण

नमस्कार. गागारिनचं उड्डाण आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. ज्या उड्डाणांत माणूस नव्हता, त्यांची नावंही आपल्याला सांगता येत नाहीत. आज मला त्यांच्याबद्दलच बोलायचंय. माणूस अवकाशात जाऊन सुखरूप परत आला तो या उड्डाणांच्या जिवावर, असं माझं ठाम मत आहे.

21 नोव्हेंबर 1960, सकाळी नऊचा सुमार. फ्लॉरिडातल्या केप कॅनाव्हरलला पहिलं मर्क्युरी-रेडस्टोन रॉकेट उभं आहे. मर्क्युरी म्हणजे माणसाला अवकाशात पाठवण्याचा अमेरिकेचा कार्यक्रम. रेडस्टोन मुळात लष्करी क्षेपणास्त्र, व्हर्नर फॉन ब्राऊन यांच्या चमूने घडवलेलं, अल्कोहोल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारं. टोकावर माणसासाठी बनवलेली, पण रिकामी कुपी. कुपीच्याही डोक्यावर सुटकेचा मनोरा, म्हणजे काही बिघडलंच तर कुपीला ओढून दूर नेणारं छोटं रॉकेट.

इंजिन पेटलं, धुराचा लोट उठला आणि काहीतरी सुसाट वर गेलं. धूर विरला तेव्हा रॉकेट जागच्या जागी उभं! ते जेमतेम चार इंच उचललं गेलं होतं. वीतभरही नाही. इंजिन बंद पडलं आणि ते पुन्हा तळावर टेकलं. वर गेला होता तो एकटा सुटकेचा मनोरा. तो बाराशे मीटरच्या आसपास चढला आणि थोड्या अंतरावर येऊन पडला. काही सेकंदांनी कुपीच्या टोकातून छोटं पॅराशूट बाहेर आलं. त्यामागून मुख्य पॅराशूट, त्याच्यामागून राखीव.

वर्तमानपत्रांनी थट्टा केली. पण त्या सकाळी प्रत्येक यंत्रणेने तिला जे शिकवलं होतं तेच केलं, आणि मला या घटनेत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. कसं, ते बघा. रॉकेटच्या शेपटाला जमिनीवरून येणारे दोन प्लग होते, एक नियंत्रणाचा, एक विजेचा. रॉकेट उचललं की आधी नियंत्रणाचा सुटायचा, मग विजेचा. झालं उलटं. दोहोंमधला फरक साधारण 29 मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात रॉकेटचं अर्थिंग गेलं, आणि घरात अर्थिंग नसलं की करंट भलत्याच वाटेने जातो, तसा तो एका रिलेतून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमधून गेला. रिलेने हुकूम सोडला: इंजिन बंद.

आता कुपीच्या बाजूने विचार करा. तिला कळलं की इंजिन रीतसर थांबलंय. म्हणजे अवकाशात पोचलो, मनोऱ्याचं काम संपलं, सोडा त्याला! मनोरा सुटल्यावर पॅराशूटची यंत्रणा जागी झाली. तिच्या दाबमापकाने पाहिलं की उंची दहा हजार फुटांहून कमी आहे, उघडा पॅराशूट. मुख्य पॅराशूटवर वजनाचा ताण येईना, म्हणून ते निकामी समजून राखीवही उघडलं. यात चुकीचं पाऊल एकही नाही. चुकला होता तो पहिला निरोप.

पुढची रात्र भयंकर होती. इंधनाने काठोकाठ भरलेलं रॉकेट, आतली स्फोटकं जिवंत, आणि बाजूला लोंबणारी पॅराशूटं. वाऱ्याने ती फुगली असती तर रॉकेट आडवं झालं असतं. टाक्यांतला दाब सोडण्यासाठी बंदुकीने त्यांना भोकं पाडा, अशीही सूचना आली. उड्डाण संचालक ख्रिस क्राफ्ट यांना ती मुळीच पटली नाही. शेवटी ठरलं की कुणी जवळ जायचं नाही. बॅटऱ्या उतरू द्यायच्या, ऑक्सिजन उडून जाऊ द्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तंत्रज्ञ तिथे गेले.

उपाय साधा होता. अर्थिंगची एक पट्टी वाढवली, म्हणजे ती सगळ्यात शेवटी सुटेल. शिवाय उड्डाणानंतर सुमारे 130 सेकंद इंजिन थांबल्याचा निरोप कुपीपर्यंत पोचूच नये, अशी सोय केली. 19 डिसेंबरला तीच कुपी नव्या रॉकेटवर बसवली आणि ते उड्डाण व्यवस्थित पार पडलं.

मग 31 जानेवारी 1961 ला हॅम नावाचा चिंपांझी गेला. पंपाला ताकद देणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडची झडप बिघडली, इंजिन गरजेपेक्षा जोरात जळलं आणि कुपी ठरल्यापेक्षा दोनशे किलोमीटर पुढे समुद्रात पडली. आत पाणी शिरलं. हॅम वाचला.

आणि इथे खरा पेच पडला. पुढच्या फेरीला अंतराळवीर ॲलन शेपर्डची निवड झालेली होती. मर्क्युरीच्या अभियंत्यांना वाटत होतं, दुरुस्त्या झाल्यात, माणूस पाठवू. फॉन ब्राऊन म्हणाले, नाही, आणखी एक रिकामं उड्डाण. ते 24 मार्चला झालं आणि त्यात काहीही बिघडलं नाही. त्या दिवशी कुपीत शेपर्ड असता, तर अवकाशात पोचलेला पहिला माणूस अमेरिकी ठरला असता. 12 एप्रिलला गागारिन गेला, शेपर्ड 5 मे रोजी.

शेपर्ड किती चडफडला असेल! तरी मी फॉन ब्राऊन यांच्या बाजूने आहे. हॅमचं बिघडलेलं उड्डाण जेमतेम सात आठवडे जुनं होतं. आणि रशियाने तरी काय केलं? 1 डिसेंबर 1960 ला निघालेल्या पचोल्का आणि मुश्का या कुत्र्या परतीच्या वाटेवर यानासकट नष्ट झाल्या. रशियाच्या अवकाश कार्यक्रमाचे मुख्य अभियंते कोरोल्येव यांनी मार्चमध्ये दोन रिकामी याने पाठवून पाहिली, माणसाच्या जागी पुतळा आणि सोबत कुत्रं. त्यातलं दुसरं गेलं 25 मार्चला, म्हणजे अमेरिकेच्या त्या उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवशी. दोन्हीकडे शर्यत ऐन भरात होती, आणि दोन्हीकडे माणसाआधी रिकामी कुपी गेली.

आपल्या गगनयानाला उशीर होतोय, म्हणून बरेच जण नाराज असतात. त्यांनी 21 ऑक्टोबर 2023 ची सकाळ आठवावी. श्रीहरिकोट्याला सुटकेच्या यंत्रणेची चाचणी होती. उड्डाणाला पाच सेकंद असताना संगणकाने मोजणी थांबवली. कारण सापडलं आणि दहा वाजता रॉकेट निघालं. कुपी वेगळी झाली, पॅराशूटवर बंगालच्या उपसागरात उतरली, नौदलाने ती काढली. पाण्यात मात्र ती उलटी तरंगत होती. अशी कुपी सुलटी करणारी यंत्रणा अंतराळवीरांच्या यानात असणार आहे. ती किती गरजेची आहे, ते त्या सकाळी सगळ्यांनी पाहिलं.