'नेटिव्ह' नसलेल्या शिक्षकाची वाट

(पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान, थोडे संपादित करून)

पदवी हातात पडल्या पडल्या परदेशात इंग्रजी शिकवायला जाता येतं का, असा विषय तुमच्या सरांनी मला दिला. येतं. मी स्वतः बी. ए. इंग्रजी करून थायलंडला गेले आणि तिथल्या ईशान्य भागातल्या एका शाळेत तीन वर्षं शिकवलं. पण या विषयावर नेटवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतल्या मुलांसाठी लिहिलेलं असतं. 'पदवी असली की पुरे' हे त्यांच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं आहे. आपला पासपोर्ट भारताचा, त्यामुळे आपला हिशेब निराळा.

दक्षिण कोरियाचंच बघा. तिथे इंग्रजी शिकवण्याचा जो नेहमीचा व्हिसा आहे तो सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत त्या यादीत नाही. मात्र भारत आणि कोरिया यांच्यात जो आर्थिक भागीदारी करार 2010 पासून लागू झाला, त्यातून भारतीयांना एक वाट मिळाली. तिची अट अशी की इंग्रजीची पदवी हवी आणि शिक्षकी पात्रताही हवी. म्हणजे आपल्या भाषेत बी. एड.! तुमच्यापैकी जे बी. एड. करू की नको या विचारात आहेत, त्यांनी ही अट लक्षात ठेवा. आखातातल्या भारतीय शाळाही तेच मागतात.

ही सात देशांची यादी वाचली तेव्हा मला फार लागलं होतं. पहिलीपासून इंग्रजी, तीन वर्षं तेच शिकले, आणि तरी मी 'नेटिव्ह', म्हणजे इंग्रजी मायबोली असलेली, नाही. पुढे एम. ए. ला ब्रज काचरू वाचले. श्रीनगरला जन्मलेल्या या भाषाशास्त्रज्ञाने 1985 मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात इंग्रजी मायबोली असलेले देश, त्याबाहेर भारत-नायजेरियासारखे देश, जिथे इंग्रजी राज्यकर्त्यांबरोबर आली आणि आपल्यात मुरली, आणि त्याहीबाहेर चीन, जपान, थायलंड. व्हिसाचे नियम अजून आतल्या वर्तुळापाशीच थांबलेत. पण मधल्या वर्तुळातल्या माणसाकडे एक गोष्ट असते : तो ही भाषा शिकलेला असतो. 'सिन्स' आणि 'फॉर' यांत आपण कुठे अडखळलो होतो हे त्याला आठवतं. मला वर्गात त्याचाच आधार झाला.

थायलंडमध्ये भारतीयांना काम मिळतं. फिलिपिनो शिक्षक तर तिथे गावोगावी आहेत. इंग्रजी मायबोली नसलेल्यांना परीक्षेचा दाखला द्यावा लागतो. टोइक नावाची 990 गुणांची परीक्षा असते, तिच्यात साधारण 600 गुण मागतात. शिवाय पदवी, पोलिसांचा दाखला, आणि बहुतेक ठिकाणी 120 तासांचं टेफल, म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणाचं, प्रमाणपत्र. टेफल घरबसल्या करता येतं, स्वस्तही पडतं. पण पैशांची सोय होत असेल तर केंब्रिजचा सेल्टा हा शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम करा, कारण त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि मागे बसून कुणीतरी तुमचे दोष टिपून घेत असतं. पगाराबद्दलही आधीच सांगते. त्याच स्टाफरूममधल्या ब्रिटिश सहकाऱ्यापेक्षा मला बराच कमी मिळायचा. काम तेच, तास तेवढेच. हा अन्याय आहे, आणि तो माहीत असूनच तुम्ही निर्णय घ्यावा असं मला वाटतं.

आता कागदपत्रं. इथे जरा थांबते, कारण आपल्याकडची मुलं इथेच अडकतात. तुमच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव कसं आहे? आधी आडनाव, मग तुमचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पदवीवर आणखी तिसरी तऱ्हा. आणि पासपोर्टवर आडनाव शेवटी, वडिलांचं नाव कधी आहे, कधी नाहीच. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. परक्या देशातल्या कारकुनाला मात्र ही तीन वेगळी माणसं दिसतात. माझे यात सहा आठवडे गेले, प्रतिज्ञापत्र करावं लागलं. दुसरं म्हणजे पदवी. निकाल लागतो जूनमध्ये, पदवी प्रमाणपत्र येतं दीक्षान्त समारंभानंतर, आणि तात्पुरतं प्रमाणपत्र प्रत्येक ठिकाणी चालत नाही. तिसरं, साक्षांकन. विद्यापीठाची पडताळणी, राज्य शासनाची, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का, जो एका आंतरराष्ट्रीय करारातले देश एकमेकांचा मानतात. भारत या करारात 2005 मध्ये सामील झाला. जो देश करारात नाही, त्याच्या दूतावासाचा शिक्का वेगळा. थायलंडचं शालेय वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये भरती जोरात असते. या शिक्क्यांसाठी दिवाळीतच धावपळ सुरू करावी लागते.

एजंटांबद्दल बोलताना मला अजूनही राग येतो. एकाने माझ्याकडून पंचवीस हजार घेतले आणि सांगितलं, 'मॅडम, टुरिस्ट व्हिसावर जा, शाळा तिकडे बदलून देईल.' मी नाही म्हटलं. पैसे गेले ते गेलेच. टुरिस्ट व्हिसावर शिकवणं हा तिथे गुन्हा आहे, पकडलं तर तुम्हालाच पकडतात. सप्टेंबर 2022 मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला होता, कारण थायलंडमध्ये नोकरी म्हणून नेलेली आपली सुशिक्षित मुलं म्यानमारमध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबली गेली होती. नोंदणीकृत एजंटाला कायद्याने 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच शुल्क घेता येतं. नोंदणी आहे की नाही ते ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. शाळेचं पत्र आलं की त्या शाळेचा नंबर स्वतः शोधा आणि फोन करा. लाजू नका.

आणि वर्ग? पहिल्या आठवड्यात मी पेन वर धरून म्हणाले, 'पेन'. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. थाई भाषेत 'पेन' म्हणजे 'असणे', आपलं 'आहे'. आपण मराठी माणसं 'प' अगदी कोरडा उच्चारतो, इंग्रजांच्या 'प'मध्ये हवेचा झोत असतो, आणि थाई कानाला 'प' आणि 'फ' ही दोन स्वतंत्र अक्षरं आहेत, जशी आपल्याला. मग मी तोंडासमोर कागदाचा कपटा धरला. 'प' म्हटल्यावर तो हलला पाहिजे. चाळीस मुलं आपापला कपटा धरून 'पेन, पेन' करत होती. त्या दिवशी माझाही उच्चार सुधारला. त्यांचा 'स्कूल'चा शेवट 'न' व्हायचा, कारण त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी 'ल' येत नाही. तो सुधारायला मला वर्ष लागलं.

जूनमध्ये एका गुरुवारी तिथे 'वाय ख्रू' असतो, गुरुवंदना. 'ख्रू' हा आपलाच 'गुरू'. मुलं गुडघ्यांवर सरकत येतात आणि फुलांचं तबक पुढे करतात. मी तबकात पाहिलं तर त्यात दूर्वा होत्या. वांग्याची फुलं होती. वांग्याचं फूल खाली झुकलेलं असतं म्हणून ते नम्रतेचं, आणि दूर्वा तुडवल्या तरी पुन्हा उगवतात म्हणून चिकाटीच्या, असं एका सहकारी बाईंनी मला सांगितलं. घरापासून इतक्या लांब, हातात दूर्वांचं तबक घेऊन, मला काही सुचेनासं झालं होतं.

माझी त्या वेळची फाईल मी आज बरोबर आणली आहे. पदवी, सगळे शिक्के, करारपत्र, नावाचं प्रतिज्ञापत्र, त्यातल्या खाडाखोडीसकट. ती इथे टेबलावर ठेवते. पुढे या, हातात घेऊन बघा, आणि प्रश्न विचारा.