जलपर्णी पोखरणारा सोंड्या

[दृश्य: तलावावर पसरलेली जलपर्णी. कॅमेरा एका पानावर येतो.]

या पानावर भुरकट ठिपके दिसतायत. दोन-तीन मिलिमीटरचे, एकमेकांना खेटून. हा रोग नाही. कुणीतरी पानाची वरची साल खरवडून खाल्ली आहे आणि खालचा पातळ पापुद्रा तसाच सोडलाय. खाणारा दिवसा सापडणार नाही. तो आत दडलेला असतो, देठ जिथे एकत्र येतात त्या बेचक्यात.

[दृश्य: रात्र. पानावर चालणारा भुंगा.]

अंधार पडला की तो वर येतो. जेमतेम पाच मिलिमीटरचा, राखी-तपकिरी, पुढे बाकदार सोंड. नाव निओकेटिना आयकॉर्नी. गाव जलपर्णीचंच, म्हणजे दक्षिण अमेरिका.

मादी सोंडेनं देठाला बारीक भोक पाडते आणि त्यात एक अंडं ठेवते. मग पुढचं भोक. आयुष्यभरात अशी तीन-चारशे अंडी. आठवड्या-दहा दिवसांत अळी बाहेर येते. पांढरट, बिनपायांची. देठातला मऊ गर खात ती खाली खाली बोगदा काढत जाते, थेट गड्ड्यापर्यंत. दोन महिने, कधी त्याहून जास्त, तिचं हेच चालतं. बोगद्यात पाणी शिरतं, मागून बुरशी येते, जिवाणू येतात, देठ सडून झुकतो. पानावरचे ठिपके डोळ्यांत भरतात खरे, पण जलपर्णीला खरी जेरीस आणते ती ही न दिसणारी अळी.

आता कोषात जायची वेळ. बऱ्याच सोंड्यांच्या अळ्या त्यासाठी मातीत शिरतात. इथे माती आणायची कुठून? ही अळी पाण्याखाली मुळांवर उतरते. बारीक तंतुमुळं कुरतडून त्यांचाच वाटोळा कोष बांधते आणि एखाद्या जाड मुळाला चिकटवते. चहूबाजूंनी पाणी, आत हवा! या सगळ्या जीवनक्रमात आम्हाला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. महिनाभरानं त्यातून भुंगा निघतो आणि मुळांवरून चढत पानांवर येतो.

[दृश्य: जुनी छायाचित्रं, नकाशा.]

जलपर्णी आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली, फुलं सुंदर म्हणून. भुंगा आला त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी. अमेरिकेनं 1972 मध्ये तो फ्लोरिडात सोडला होता. त्याआधी इतर वनस्पतींवर चाचण्या झाल्या, कारण जलपर्णी सोडून तो भातावर गेला असता तर? तो गेला नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तो भारतात आणला गेला आणि बेंगळुरूच्या काही तलावांवर दोन-तीन वर्षांत त्यानं जलपर्णी आटोक्यात आणली.

[दृश्य: पुणे. नदीपात्रात यंत्र, काठावर ढीग.]

मग इंद्रायणी, पवना, मुळा-मुठेत हेच का जमू नये?

हिशेब बघा. अंड्यापासून भुंगा व्हायला तीन-चार महिने. जलपर्णीला दुप्पट व्हायला पोषक पाण्यात पंधरवडा पुरतो, आणि आमच्या नद्यांत सांडपाणी तिला नायट्रोजन-फॉस्फरस रोज भरवतंय. भुंग्यानं खाल्लेलं ती पुन्हा भरून काढते. त्यात उन्हाळ्याच्या तोंडावर यंत्र येतं आणि सगळं उपसून काठावर टाकतं. अशा ढिगात भुंगे असले, तर त्यांची अंडी, अळ्या, कोष, सगळंच वाळून जातं. उरलेलं पावसाळ्यात भीमेतून उजनीकडे वाहतं. किड्यानं वस्ती करायची तरी केव्हा? आमचं स्पष्ट मत आहे: सांडपाणी थांबवल्याशिवाय आणि उपसताना एखादा पट्टा मुद्दाम राखल्याशिवाय नुसते भुंगे सोडणं म्हणजे पैसे पाण्यात.

[दृश्य: पिवळी पडलेली, बुडू लागलेली जलपर्णी.]

जिथे भुंग्याचं जमतं, तिथे जलपर्णी खुजी होते, फुलं कमी येतात, मग ती हळूहळू बुडते. त्यानंतर भुंग्याचं काय होतं? अंडी घालण्याच्या काळात मादीचे उडण्याचे स्नायू झिजलेले असतात. अन्न बिघडू लागलं की अंडी थांबतात आणि ते स्नायू पुन्हा भरतात. मग भुंगे रात्री उडून दुसरी जलपर्णी शोधतात. सापडली नाही, तर उपाशी मरतात. तलावाच्या तळात मात्र जलपर्णीचं बी अनेक वर्षं जिवंत राहतं.