घुग्घुसच्या पोटात

[मोबाइलवर टिपलेलं चित्रीकरण : आमराई वॉर्ड, जमलेली गर्दी, खड्ड्याची कड]

२६ ऑगस्ट २०२२, संध्याकाळ. चंद्रपूर जिल्ह्यातलं घुग्घुस. आमराई वॉर्डातलं एक अख्खं घर जमिनीत गेलं. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली होती, म्हणून वाचली.

[वरून : घुग्घुसची वस्ती, कोळशाच्या वाघिणी, लांबवर वर्धा नदी]

वर्धा नदीच्या या खोऱ्यात इंग्रजांच्या काळापासून कोळसा निघतो आहे. आज आपल्याला दिसतात त्या उघड्या खाणी, त्यांचे डोंगराएवढे मातीचे ढिगारे. पण त्यांच्या आधी इथला कोळसा जमिनीखालून काढला जायचा. उतरती वाट खणायची, तिला म्हणायचं इन्क्लाइन. तिथून आत शिरायचं आणि कोळशाच्या थरातच आडव्याउभ्या गल्ल्या पाडायच्या.

[रेखाचित्र : गल्ल्या आणि खांब]

हे नीट बघा. या गल्ल्या म्हणजे गॅलरी. गॅलरीची रुंदी फार तर ४.८ मीटर, उंची साधारण ३ मीटर. गल्ल्यांच्या मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब सोडलेले. वरचा सगळा भार या खांबांवर. पहिल्या फेरीत बराचसा कोळसा या खांबांतच अडकून राहतो. म्हणून परवानगी घेऊन पुढे खांबही काढले जातात आणि छत मुद्दाम पाडलं जातं. वर वस्ती असेल तर तसं करता येत नाही. खांब तसेच ठेवायचे किंवा रिकाम्या जागेत वाळू भरायची.

[रेखाचित्र : छताचा एकेक थर सुटतो]

खांब उभे असले तरी गल्ल्यांचे चौक कमजोर असतात, कारण तिथे छताचा पसारा सर्वांत मोठा. तिथला एक थर सुटतो. मग त्याच्यावरचा. पोकळी अशी वर वर चढत जाते. फुटलेला खडक मूळ खडकापेक्षा जास्त जागा व्यापतो, सव्वापट, कधी दीडपट. त्यामुळे खोल खाणीत दहा-बारा मीटर खडक पडला की ढिगाऱ्यानेच पोकळी भरते आणि पडझड थांबते. खाण उथळ असेल तर मात्र पोकळी भरायच्या आत माती लागते. त्यात चौकात पडलेला ढिगारा चारी गल्ल्यांत पसरतो, पाणी त्याला आणखी पुढे ढकलतं. म्हणजे पोकळी भरतच नाही.

[पावसात भिजणारी गल्ली, भिंतीवरची भेग]

पावसाळ्यात माती पाणी पिऊन जड होते. बंद खाणीतले पंप थांबले की खालीही पाणी साचतं, ऋतूप्रमाणे चढतं-उतरतं, खांबांच्या कडा झिजवतं. असं वर्षानुवर्षं चालू राहतं. वर अंगण असतं, तुळस असते, नळ असतो. मग एक दिवस जमीन सुटते, आणि तेवढ्यापुरतीच सुटते. शेजारचं घर जागेवर उभं.

आमराई वॉर्डातल्या आसपासच्या कुटुंबांना त्यानंतर हलवण्यात आलं.

[जुने नकाशे, टेबलावर पसरलेले]

हे अटळ नव्हतं. पोकळी भरली पाहिजे, हे सरकारला १९३९ पासून माहीत आहे. त्या वर्षी खाणींत वाळू भरण्यासाठी खास कायदा झाला, त्यासाठी कोळशावर करही बसला. १९७३ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये नागपूरला वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड ही सरकारी कोळसा कंपनी आली. जुन्या मालकांच्या खाणी सरकारी झाल्या आणि त्यांच्याबरोबर जुन्या पोकळ्याही.

खाण बंद करताना तिचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावा लागतो. तो नकाशा वर राहणाऱ्या माणसाला का दाखवू नये? कुठल्या वॉर्डाखाली गल्ली आहे, किती खोल आहे, भरली आहे की रिकामी, हे नगरपरिषदेच्या भिंतीवर लावलेलं असलं पाहिजे. घराचा पाया खणण्याआधी ते माणसाला वाचता आलं पाहिजे. जुने नकाशे कुठे अपुरे असतील, तर बोअर मारून तपासायला हवं. उपाय फार लांबचा नाही. याच जिल्ह्यात २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, त्याची राख ढिगांनी पडून असते. ती पाण्यात कालवून बोअरमधून खाली सोडता येते. सुरुवात वस्तीखालच्या उथळ गल्ल्यांपासून करावी, आणि पुढचा पावसाळा यायच्या आधी.