माकडशिंगाची कड्यावरची बहीण

नमस्कार मंडळी. आपल्या सोलापूरच्या माळावर ज्यांनी शेळ्या राखल्यात त्यांना माकडशिंग काय ते सांगायला नको. काटेरी झुडपाच्या आडोशाला उभ्या चौकोनी कांड्या, मोडायच्या आणि तशाच कच्च्या खायच्या. आज मी तिच्या एका बहिणीबद्दल बोलणारे, जी आपल्या जिल्ह्यात नाही, पण महाराष्ट्र सोडून जगात दुसरीकडे कुठेच रानात उगवत नाही. तिचं नाव शिंदळ माकुडी.

शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड, असे मोजकेच कडे. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. डाल्झेल नावाच्या साहेबानं ते बार्टल फ्रेअरच्या नावावरून ठेवलं, हा फ्रेअर 1862 ते 1867 मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. नाव गव्हर्नरचं, पण मला विचाराल तर माकुडीच खरं.

मी पहिल्यांदा पाहिली ती पुरंदरला, पाऊस सरत आलेला, आणि कड्याच्या फटीतून गोल, बोटाएवढ्या जाड कांड्या खाली लोंबत होत्या. त्यांना चांगली जाडसर हिरवी पानं. इथंच गंमत आहे बघा, कारण माकडशिंगाला अशी पानं कधी बघितलीत का तुम्ही? जवळपास सगळं भावकीच बिनपानाचं, हिलाच पानं. आणि ही पानं पावसाळ्यापुरती, दिवसा उजेडात साध्या झाडासारखं अन्न बनवतात. मग ऊन तापायला लागलं की पानं गळतात आणि सगळं काम कांडीवर येतं. कांडी काय करते, तर दिवसा आपली छिद्रं बंद ठेवते, पाणी उडू नये म्हणून, आणि रात्री गारव्यात उघडून हवा आत घेते, साठवते, दुसऱ्या दिवशी उन्हात तिचं अन्न करते. म्हणजे एकाच झाडात दोन वेगळ्या पद्धती, पानाची वेगळी, खोडाची वेगळी. तापलेल्या कातळावर आठ महिने पावसाविना काढायचे तर दुसरं करणार काय!

फूल साधारण दोन सेंटीमीटरचं, पाच पाकळ्यांची चांदणी, गडद तपकिरी-लाल आणि त्यावर पिवळे ठिपके. नाक जवळ नेलं की हलका कुजकट वास येतो, तो माशांसाठी. कुळ रुईचं, त्यामुळे पराग सुटे नसतात, पिशव्या असतात, त्या माशीच्या अंगाला चिकटून पुढच्या फुलावर जातात. शेंग फुटली की रुईसारख्याच म्हाताऱ्या उडतात.

आता दुखणं. कांडी तोडून कुंडीत खोचली तर ही सहज लागते, परदेशातल्या हौशी लोकांकडेसुद्धा आहे. म्हणून काहीजण म्हणतात की मग काळजी कसली, हवी तेवढी वाढवा. मला हे पटत नाही. कांडीपासून केलेली सगळी रोपं म्हणजे तेच एक झाड पुन्हा पुन्हा. बी पडून नवीन झाड व्हायला तो कडा पाहिजे, ती माशी पाहिजे, आणि कड्यावर दरड कोसळते, वणवा लागतो, शेळ्या पोचतात आणि आपण पण पोचतो, पिशवी घेऊन.

सप्टेंबर-ऑक्टोबरात सज्जनगडाला गेलात तर कड्याच्या फटी लांबूनच बघा. कांडी तोडू नका, फोटो काढा. फुलावर माशी बसलेली असेल तर दोन मिनिटं जागचे हलू नका.