किती उजेड आणि किती तास

खोलीच्या मधोमध ठेवलेल्या कुंडीवर भर दुपारी बहुधा ३०० लक्सच्या (लक्स म्हणजे डोळ्यांना दिसणारा उजेड मोजायचं एकक) आसपासच उजेड असतो. बाहेर कडक उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो. आपले डोळे सांभाळून घेतात, त्यामुळे हा फरक जाणवत नाही. पान मात्र मिळेल तेवढ्याच प्रकाशावर अन्न बनवतं.

झाडासाठी महत्त्वाचा असतो तो दिवसभराचा एकूण प्रकाश. फोनमधलं लक्स मीटर पानाच्या उंचीवर, सेन्सर वर करून धरा. पांढऱ्या एलईडीखाली आलेल्या आकड्याला ७० ने भागा, उन्हात ५४ ने. हे झाले दर चौरस मीटरला, दर सेकंदाला मिळणारे मायक्रोमोल, म्हणजे झाडाला वापरता येणाऱ्या प्रकाशकणांची मोजणी. अंदाज ढोबळ असतो, पण घरच्या कामाला पुरतो. त्याला ३,६०० ने आणि दिव्याच्या तासांनी गुणून दहा लाखांनी भागलं, की दिवसाचे मोल मिळतात.

लेट्यूसच्या ट्रेवर १४,००० लक्स, म्हणजे २०० मायक्रोमोल पडत असतील, तर १६ तासांत साडेअकरा मोल होतात. लेट्यूसला १२ ते १७ हवेत. इथे तास वाढवू नका, ट्यूब खाली आणा. १७,५०० लक्स मिळाले, की १४ तासांतच १२.६ मोल भरतात आणि दोन तासांची वीज वाचते.

प्रकाश वाढला, की वाढही वेगाने होते आणि कधीकधी आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात. खत वाढवून हे थांबत नाही. बंद हवेत त्या पानांपर्यंत कॅल्शियम पुरेसं पोचत नाही, म्हणून ट्रेवरून छोट्या पंख्याची हलकी हवा खेळती ठेवा.

तास वाढवण्यालाही मर्यादा आहे. टोमॅटोवर २४ तास दिवा ठेवला तर पानं पिवळी पडतात. लांब दिवसात कोथिंबीर लवकर फुलावर येते, मग पानं कमी मिळतात.

शेवंतीला तर नुसती बेरीज पुरत नाही. कळी धरायला तिला सलग लांब रात्र लागते. भरपूर मोल मिळूनही हॉलमधला दिवा रात्री उशिरापर्यंत तिच्यावर पडत राहिला, तर ती नुसती पानंच वाढवते. म्हणून संध्याकाळी ६ ते सकाळी ७ कुंडी पूर्ण अंधारात ठेवा आणि दिवसाच्या ११ तासांत उजेड जास्तीत जास्त द्या. कळ्यांना रंग दिसेपर्यंत यात एकाही रात्रीचा खंड पडू देऊ नका.